मोठे अल्बम आणि स्क्रॅपबुकं घरच्या घरी डिजिटल करायची तर (खास बडोदेकरांसाठी)

सगळ्यात आधी हे सांगते, अल्बम उसवायचा नाही. घरातला प्रिंटर-स्कॅनर ए-फोर असतो, अल्बम त्याच्यावर मावत नाही, मग प्रत्येकाच्याच मनात येतं की फोटो काढून एकेक स्कॅन करू आणि नंतर नव्या अल्बमात लावू. पण जुन्या अल्बमात कोणता फोटो कोणाच्या शेजारी लावलाय, खाली पांढऱ्या शाईने काय लिहिलंय, कुठे नुसते चार कोपरे उरलेत आणि मधला फोटो गायब आहे (कोणी नेला हे बहुतेक घरांत माहीत असतं, बोलत कोणी नाही), हे सगळं मिळून तो अल्बम आहे. एकदा फोटो सुटे झाले की "ही बाई कोण" याचं उत्तर देणारा शेजारचा फोटोही हातातून जातो. म्हणून क्रम असा, आधी पूर्ण पान जसं आहे तसं, आणि मग वाटलंच तर एकेक फोटो जवळून.

कधी करायचं

बडोद्यात हे काम दिवाळीनंतर होळीपर्यंत. पावसाळ्यात हवेत इतका दमटपणा असतो की काळी पानं लाटेसारखी वाकतात, फोटो एकमेकांना चिकटतात, आणि फंगस असेल तर अल्बम उघडल्याबरोबर घरभर उडते. उन्हाळ्यात दुसराच त्रास, काम चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो कारण पंख्याने पानं हलतात आणि स्टँडही हलतो, आणि मे महिन्यात पंखा बंद करून दोन तास वाकून बसायचं म्हणजे घामाचे थेंब थेट आजोबांच्या मुंजीच्या फोटोवर. जानेवारी उत्तम, फक्त उत्तरायणचे दोन दिवस सोडा, तेव्हा मदतीला कोणी मिळणार नाही, सगळे गच्चीवर.

अल्बम कुठल्या जातीचा आहे ते बघा

जुने काळ्या किंवा राखाडी जाड पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवलेले, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटर पेपर, हे हाताळायला सगळ्यात सोपे. साधारण सत्तर ते नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे, वर पारदर्शक प्लास्टिक असलेले, हे सगळ्यात वाईट, त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. तिसरे म्हणजे लग्नाचे करिझ्मा अल्बम, उघडले की बारा बाय छत्तीस इंच, जेवणाच्या टेबलावरही मावत नाहीत. ते मुळात डिजिटल फाइलींवरूनच छापलेले असतात, त्यामुळे स्कॅनच्या भानगडीत पडण्याआधी ज्या स्टुडिओने काम केलं त्याला फोन करा, त्याच्याकडे जुनी हार्ड डिस्क असेल तर तुमचं सगळं कामच वाचलं. आणि चौथी स्क्रॅपबुकं, ज्यात कात्रणं, लग्नपत्रिका, नाटकाची तिकिटं, वाळलेली फुलं, राख्या, काय वाटेल ते चिकटवलेलं असतं.

अजून एक, अल्बमच्या मागच्या खिशात किंवा त्याच कपाटात फोटो लॅबची पाकिटं आणि त्यात निगेटिव्ह आहेत का ते बघा. लोक निगेटिव्ह टाकून देतात आणि प्रिंट जपतात, खरं तर पस्तीस एमएमची निगेटिव्ह चांगली राहिली असेल तर तिच्यातून प्रिंटपेक्षा जास्त निघतं. ती २४०० डीपीआयला (म्हणजे इंचामागे २४०० ठिपके) किंवा त्याच्या वर स्कॅन करायची, पण त्यासाठी झाकणात लाईट असलेला स्कॅनर लागतो, साध्यावर होत नाही.

स्कॅनर की कॅमेरा

माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या अल्बमला कॅमेरा. का ते सांगते. पान बारा बाय पंधरा इंच असेल तर ए-फोर स्कॅनरवर ते चार तुकड्यांत घ्यावं लागतं, प्रत्येक वेळी अख्खा जड अल्बम उलटा करून काचेवर दाबायचा, उरलेलं अंग बाहेर लोंबकळत, शिवण ताणली जाते, पान चुरगळतं, आणि काचेच्या कडेला जी प्लास्टिकची उंच पट्टी असते तिच्यामुळे पान पूर्ण टेकतच नाही. त्यातून आजकाल मिळणारे पातळ, स्वस्त स्कॅनर आणि ऑल-इन-वन हे सीआयएस सेन्सरचे असतात, त्यांना काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट दिसतं, दोन-तीन मिलिमीटर वर असलेलं लगेच धूसर होतं. स्क्रॅपबुकात तर सगळंच वर-खाली असतं. जुने जाडजूड सीसीडी सेन्सरचे स्कॅनर असतील तर त्यांना थोडी खोली कळते, तसा कोणाकडे पडून असेल तर मागून आणा.

स्कॅनरनेच करायचं असेल तर दर दोन तुकड्यांत पाव भाग तरी सामाईक येऊ द्या, ऑटो कलर, ऑटो एक्स्पोजर बंद ठेवा नाहीतर चारही तुकडे चार रंगांचे येतात, आणि मग फोटोशॉपच्या फोटोमर्जमध्ये किंवा फुकटच्या ह्यूगिनमध्ये जोडा. झेरॉक्सच्या दुकानात नकाशे, प्लॅन स्कॅन करणारं लांबलचक रोलरचं मशीन असतं, तिथे अल्बमचं पान किंवा फोटो कधीही देऊ नका, रोलरमधून ते वाकून जातं आणि जुन्या फोटोचा वरचा थर तडकतो.

कॅमेरा म्हणजे डीएसएलआरच पाहिजे असं काही नाही. हिशोब करून बघा, बारा मेगापिक्सेलचा फोन म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल, बारा बाय पंधरा इंचाच्या पानाला इंचामागे साधारण २५० पिक्सेल मिळतात, स्क्रीनवर बघायला आणि त्याच मापाची प्रिंट काढायला भरपूर झालं. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर तेच ३०० च्या वर जातं. करिझ्मा अल्बमची दोन्ही पानं एका फोटोत घेतलीत तर २४ मेगापिक्सेललाही इंचामागे १६६ च मिळतात, म्हणून डावं-उजवं वेगळं घ्या. आणि पानावर पासपोर्ट साइझचे चेहरे असतील, तर पानाच्या फोटोत त्यांना अगदी थोडे पिक्सेल येतात, ते वेगळे जवळून घ्यावेच लागतात.

मांडणी, इथे घाई करू नका

अर्धं काम मांडणीचंच आहे, एकदा ती जमली की पानं पटापट होतात. अल्बम जमिनीवर किंवा बुटक्या टेबलावर, खाली मळकट नसलेली काळी किंवा राखाडी चादर. जुन्या अल्बमला पूर्ण सपाट उघडायला लावू नका, जितका आपणहून उघडतो तितकाच, आणि जी बाजू वर राहते तिच्याखाली टॉवेलची गुंडाळी किंवा थर्माकोलचे ठोकळे. मग ज्या पानाचा फोटो घ्यायचाय ते सपाट पडतं आणि शिवणीवर ताण येत नाही.

कॅमेरा वरून सरळ खाली बघणारा. आडवा हात असलेला ट्रायपॉड मिळतो, फोनसाठीही मिळतो, पण मागच्या बाजूला वजन लटकवा, किलोभर तांदळाची पिशवी चालते, नाहीतर एक दिवस सगळं अल्बमवर कोसळणार. असला स्टँड नसेल तर उलटा विचार करा, अल्बमच तिरका ठेवा, भिंतीला टेकवलेल्या पाटावर किंवा मोठ्या ड्रॉइंग बोर्डवर, आणि कॅमेरा तेवढाच तिरका करा. जड अल्बमला खाली टेका द्या म्हणजे घसरणार नाही.

आता कॅमेरा आणि पान समांतर आहेत हे कसं ओळखायचं? डोळ्याने कळत नाही, कळलंय असं वाटतं फक्त. पानाच्या बरोबर मध्ये एक छोटा सपाट आरसा ठेवा, पावडरच्या डबीतला निघाला तर तोसुद्धा चालतो, आणि स्क्रीनवर बघा. आरशात तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या मधोमध दिसलं पाहिजे. लेन्स बाजूला सरकलेली दिसत असेल तर कॅमेरा कललाय, हळूहळू फिरवत प्रतिबिंब मध्ये आणा, झालं. पुस्तकांचे फोटो घेणारे लोक हीच युक्ती वापरतात आणि हिला पैसे पडत नाहीत. आरसा उचलायला विसरू नका एवढंच.

फोन असेल तर मुख्य लेन्स वापरा, वाइड अजिबात नाही, वाइडने पानाच्या कडा फुगतात. ब्यूटी, एचडीआर, एआय सीन असलं जे काय असेल ते सगळं बंद. प्रो मोड असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० किंवा जितका कमीत कमी असेल तितका. कॅमेरा असेल तर ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ च्या आसपास, आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का जिरतो.

लाईट. ट्यूबलाईट बंद, फ्लॅश तर विचारूच नका. खिडकीतून थेट ऊन न येणारा उजेड एका बाजूने आणि समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करायचा, हे सगळ्यात स्वस्त आणि खरंच चांगलं. ढग येत-जात असतील तर मात्र प्रत्येक पान वेगळ्या उजेडात येतं, तेव्हा एकसारखे दोन एलईडी घ्या आणि पानाच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांवर लावा. खिडकी आणि दिवे एकत्र करू नका, अर्धं पान निळं अर्धं पिवळं येतं. एलईडीमुळे फोटोत आडवे पट्टे दिसायला लागले तर शटर स्पीड १/५० किंवा १/२५ सेकंदावर न्या, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्याच्याशी ते जुळतं. चमकदार फोटोवर लाईटचा डाग येत असेल तर दिवे अजून खाली आणि बाजूला सरकवा, आणि कॅमेऱ्यामागच्या छताचं प्रतिबिंब फोटोवर पडत असेल तर काळ्या पुठ्ठ्याला लेन्सपुरतं भोक पाडून तो लेन्सला अडकवा. पूर्वी ते बारीक खडबडीत, सिल्क फिनिशचे फोटो निघायचे ना, लग्नाचे तर हमखास, ते कुठूनही चमकतात, त्यांना एका बाजूचा दिवा बंद करून बघा.

काळ्या पानांचं एक्स्पोजर

हे वेगळं लिहितेय कारण इथेच सगळ्यांचे फोटो पांढरेफटक येतात. कॅमेऱ्याला काळं पान दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो, पान राखाडी होतं आणि फोटोतली पांढरी धोतरं, नऊवारीचे फिकट काठ, चेहऱ्याची उजळ बाजू, सगळं उडून जातं. उडालेलं नंतर कुठल्याही ॲपमध्ये परत येत नाही. म्हणून फोनवर पानातल्या एखाद्या फोटोवर बोट टेकवा, तिथेच दाबून धरून फोकस लॉक करा आणि ब्राइटनेसची पट्टी खाली ओढा, फोटोतल्या सगळ्यात पांढऱ्या कापडाच्या चुण्या दिसेपर्यंत. कॅमेऱ्यावर मॅन्युअल मोडमध्ये एकदा ठरवा आणि तो अल्बम संपेपर्यंत हात लावू नका. पांढऱ्या शाईची अक्षरं फिकी वाटली तर त्या ओळींचा वेगळा फोटो घ्या.

प्रत्येक अल्बमच्या सुरुवातीला एक फोटो शेजारी मोजपट्टी आणि राखाडी कार्ड (रंग जुळवायला वापरतात तो राखाडी पुठ्ठा) ठेवून घ्या, रंग आणि माप नंतर जुळवता येतं. पान उंचसखल असेल तर वर काच ठेवायचा मोह होतो, फ्रेमवाल्याकडून चार मिलिमीटरची, कडा घासून घेतलेली काच आणलीत तर चालतेही, पण चकचकीत फोटो काचेला टेकला की इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं येतात, तिथे काच काढा. काच पुसायला कोरडं मायक्रोफायबर, फवारा अल्बमजवळ नको.

चिकट अल्बम

यांचा गोंद वर्षानुवर्षं फोटोला खातो, म्हणून कधीतरी ते फोटो बाहेर काढायचे हे बरोबर आहे, पण आधी पानाचा फोटो. प्लास्टिक सहज उचलत असेल तर उचलून घ्या, नाहीतर तसंच वरून. मग फोटोच्या एका कोपऱ्याखाली मेणाशिवायचा डेंटल फ्लॉस, मेडिकलवाल्याकडे मिळतो, घालून करवतीसारखा हळूहळू मागे-पुढे नेत सरकवायचा, पान वाकवायचं, फोटो वाकवायचा नाही. अडला तर सोडून द्या. नखाने उपटू नका, हेअर ड्रायर जवळ धरून गरम करू नका, आणि कोणी पाणी लावून सुटतो म्हणालं तर ऐकू नका. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचंही तेच, काचेसकट फोटो घ्यायचा.

स्क्रॅपबुक

घडी घातलेली पत्रिका असेल तर आधी बंद, मग उघडून, मग मागची बाजू, असे सगळे फोटो. एकावर एक चिकटवलेलं असेल तर वरचा पदर उचलून खालचं वेगळं. सयाजीराव महाराजांच्या १९३६ च्या हीरक महोत्सवाची कात्रणं आपल्याकडे काही घरांत अजून सापडतात, असला कागद घडीवर मोडतो, जबरदस्तीने सरळ करू नका, जितका उघडतो तितकाच घ्या. वर्तमानपत्राच्या पातळ कागदातून मागची अक्षरं पुढे दिसतात, त्याला साधा उपाय म्हणजे कात्रणाखाली काळा कागद सरकवायचा, मागचं छापील बरंचसं नाहीसं होतं. छापील मराठी मजकूर नंतर शोधता यावा असं वाटत असेल तर फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा, तो मजकूर ओळखून देतो, चुका असतात, पण नावं शोधायला पुरतं.

कोपऱ्यांतून निघणाऱ्या फोटोंच्या मागेही बघा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कधी मोडीत एखादी ओळ. मोडी वाचता येत नसेल तरी फोटो घेऊन ठेवा, वाचणारे लोक अजून आहेत. ग्रुप फोटोखाली बरोडा कॉलेज छापलेलं असेल तर तो बहुतेक १९४९ च्या आधीचा, त्या साली ते कॉलेज महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेलं. असल्या खुणांनीच साल ठरवावं लागतं.

नावं, आणि नावं सांगणारी माणसं

फाइलीचं नाव असं ठेवा की यादी आपोआप क्रमाने लागेल, अल्बम०२_पान०१४, आणि त्याच पानावरचा सुटा फोटो अल्बम०२_पान०१४_क, मागची बाजू असेल तर पुढे _मागे. शून्यं गाळू नका, नाहीतर पान १० हे पान २ च्या आधी येऊन बसतं. कॅमेऱ्याने दिलेली तारीख ही आजची असते, म्हणून गूगल फोटोजमध्ये आत्याचं १९६८ चं लग्न या वर्षीच्या सहलीशेजारी दिसतं, तिथे तारीख बदलता येते. कॉम्प्युटरवर डिजिकॅम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात लिहिलेलं नाव-गाव फाइलीच्या आतच राहतं.

पण हे लिहायला माहिती हवी आणि ती मोठ्यांच्या डोक्यात आहे. फोटो काढून झाले की टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर एकेक पान मोठं करून दाखवा, शेजारी फोन रेकॉर्डिंगला ठेवा, आणि प्रत्येक पानाआधी तुम्ही मोठ्याने म्हणा, "अल्बम दोन, पान चौदा." मग आजी बोलेल ते बोलू दे. "हे कोण" असं विचारलं की "आपल्यातलेच" एवढंच उत्तर येतं, त्यापेक्षा "हा फोटो कोणाच्या घरी काढलाय" असं विचारा, घराचं नाव निघालं की दांडिया बाजारातला वाडा, भाडेकरू, त्यांच्या सुना, सगळे धडाधड बाहेर येतात. मावशी आणि आजी एकत्र बसल्या तर वाद होतील, होऊ द्या, दोन्ही नावं लिहून ठेवा.

कुठे ठेवायचं

मूळ फाइल टिफ (दर्जा न घटवणारा फाइलीचा प्रकार) किंवा चांगल्या दर्जाची जेपीईजी. ए-फोर आकार ६०० डीपीआयला टिफमध्ये साधारण १०० एमबी होतो, म्हणून गूगलच्या फुकट १५ जीबीत हे मावणार नाही. गूगल फोटोजवर टाकायचंच तर ओरिजिनल क्वालिटी निवडा, स्टोरेज सेव्हर फोटो आकसतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक हार्ड डिस्क दुसऱ्या गावात, पुण्याच्या भावाकडे, मुंबईच्या नणंदेकडे, जिथे असेल तिथे. २०१९ आणि २०२४ ला विश्वामित्रीचं पाणी घरांत शिरलं होतं, एकाच कपाटात अल्बम आणि त्याचा बॅकअप ठेवण्यात काय अर्थ आहे?

एआयने फोटो सुधारून देणारी ॲपं हौस म्हणून वापरा, पण मूळ फाइलीवर नाही. ती चेहरा स्पष्ट करत नाहीत, नवीन बनवतात, आणि पणजीचं नाक कोणाचं तरी भलत्याचंच होऊन बसतं.

अल्बम भिजलाच तर बंद ठेवून वाळवू नका, सगळी पानं विटेसारखी चिकटतील. स्वच्छ थंड पाण्याने चिखल हलक्या हाताने धुवा, फोटो तोंड वर करून सावलीत पसरा, पृष्ठभागाला बोट लावू नका. दोन दिवसांत फंगस धरते, तेवढ्यात जमणार नसेल तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाका, भाजीच्या शेजारी चालेल, नंतर सवडीने थोडं थोडं काढा. फंगस आधीच असेल तर मास्क लावून गच्चीवर मऊ कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या कपड्याने पुसू नका.

काम झालेला मोठा अल्बम उभा ठेवू नका, पानं स्वतःच्या वजनाने शिवणीतून सुटतात. आडवा, सुती कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, वर दुसरं वजन न ठेवता. माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते, आणि तळमजल्यावर राहत असाल तर खालच्या दोन फळ्या सोडून.